इतर हक्क

सातारच्या दिवाणी कोर्टात माझी सगळी वकिली वंशावळी काढण्यात गेली. कोणाचा आजा कोणाचा चुलता, कोण दत्तक गेला, कोण निपुत्रिक वारला, बहिणींकडून हक्कसोडपत्र कधी लिहून घेतलं, फेरफारात कोणाचं नाव ‘नजरचुकीने’ गळलं, हेच रोजचं काम. त्यामुळे अमेरिकेतल्या माझ्या विहीणबाईंनी आमच्या नातीच्या नावाचा अर्ज माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी तो वारसनोंदीचं प्रकरण वाचावं तसाच वाचला.

अर्ज होता ‘जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स’ या संस्थेचा. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ नावाच्या जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला आले आणि त्यांनी प्लिमथची वसाहत वसवली. त्यांच्यापैकी कोणाचा तरी आपण रक्ताचा वंशज आहोत, असं जो पिढी दर पिढी कागदाने सिद्ध करील त्याला या संस्थेचं सभासदत्व मिळतं. संस्था १८९७ची, प्लिमथमध्येच स्थापन झालेली. माझा जावई त्याच भागातल्या जुन्या घराण्यातला आहे. विहीणबाईंच्या हिशेबाने आमची नात जॉन हाउलँड नावाच्या प्रवाशाची तेरावी पिढी.

पुराव्याच्या बाबतीत ही मंडळी आपल्या तहसीलदारापेक्षा कडक आहेत, हे मी व्यवसायाची बाई म्हणून सांगते. पहिल्या पाच पिढ्यांचे संस्थेने स्वतः छापलेले चंदेरी पुठ्ठ्यांचे खंड आहेत. त्यांत आपली शाखा सापडली की निम्मं काम झालं. तिथून पुढे गावदप्तरातल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रं, जनगणनेची पानं. ‘आमच्या घरात असं सांगतात’ याला काडीची किंमत नाही. साखळीच्या अलीकडच्या टोकाला माझ्या मुलीचा सातारा नगरपालिकेचा जन्मदाखला विहीणबाईंनी जोडून घेतला, आणि त्यावर आईचं नाव म्हणून माझं नाव. माझ्या माहेरच्या घराण्याचा चांगला जाडजूड कुलवृत्तान्त आहे. भाऊ, भाचे, त्यांची पदं, पदव्या सगळं त्यात आहे. मी आहे ती अर्ध्या ओळीत, कन्या म्हणून, अमुक घराण्यात दिली एवढीच. माझी मुलगी त्यात नाहीच. जॉन हाउलँडच्या दप्तरात मात्र आम्ही दोघीही आलो.

मनातून बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण कोणाच्या वंशात जन्मलो याचा मान घ्यायचा, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय पदरात पडतं, हा प्रश्न काही सुटेना. कोर्टात पाटपाण्याचे आणि वाटपाचे दावे चालवताना तो कधी इतका नागडा समोर आला नव्हता.

आधी या हाउलँडबद्दल. तो कोणी सरदार नव्हता. जॉन कार्व्हर नावाच्या प्रवाशाचा तो नोकर. भर समुद्रात वादळ चालू असताना तो डेकवर आला आणि जहाज कलल्याबरोबर पाण्यात फेकला गेला. बाहेर लोंबणारी शिडाची एक दोरी त्याच्या हाती लागली. पाण्याखाली गेला तरी त्याने ती सोडली नाही. लोकांनी ओढून आकडीने वर घेतलं. वसाहतीचा पुढे अनेक वर्षं गव्हर्नर असलेला विल्यम ब्रॅडफर्ड याने ही हकिकत लिहून ठेवली आहे आणि तो वाचला ती देवाची इच्छा, असंही म्हटलं आहे. किनाऱ्याला लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसं मेली. एलिझाबेथ टिली नावाच्या पोरीचे आईबाप त्यात गेले. पुढे हाउलँडचं तिच्याशी लग्न झालं, त्यांना दहा मुलं झाली. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष त्याच झाडाचे. एकट्या या जहाजाच्या आजच्या वंशजांचा आकडा जगभरात साडेतीन कोटी धरतात. संस्थेचे सभासद त्या मानाने मूठभर, कारण कागद गोळा करण्याचा सोस फार थोड्यांना असतो.

देवाने एका नोकराच्या मुठीत दोरी दिली याचं श्रेय चारशे वर्षांनी जन्मलेल्या मुलीकडे कसं येतं? ज्यांच्या नावाने ही संस्था चालते, त्यांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी झटक्यात उत्तर दिलं असतं: येत नाही. मेफ्लॉवरवरचा धार्मिक गट म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून निघालेली, हॉलंडमध्ये लायडनला काही वर्षं राहून आलेली मंडळी. त्यांचं भांडणच या मुद्द्यावर होतं. गावात जन्मला तो गावच्या चर्चचा, मग तो कसाही वागो, ही इंग्लंडची रीत त्यांना मान्य नव्हती. चर्च म्हणजे आपल्या मनाने, आपल्या तोंडाने करार करून एकत्र आलेल्यांचं मंडळ. आणि त्याच्याही वर, कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेलं. बापाच्या भक्तीने मुलगा तरत नाही.

विचार कठोर होता आणि पहिल्या पिढीला तो पेलला. पंचाईत झाली मुलांच्या मुलांची. मुलांचा बाप्तिस्मा झाला होता, पण मोठेपणी आपल्याला कृपेचा अनुभव आला असं त्यातले कित्येक सांगू शकत नव्हते. मग त्यांच्या पोरांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? १६६२ साली शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या धर्मपरिषदेने तोड काढली: आईबाप पूर्ण सभासद नसले तरी सद्वर्तनी असतील आणि कराराला मान्यता देत असतील तर नातवंडांना बाप्तिस्मा द्यावा; पूर्ण सभासदत्व मात्र नाही. इतिहासात याला अर्ध्या वाटेचा करार म्हणतात. आजीच्या पुण्याईवर नातवंडाला दाराच्या आत घेतलं, पण ओटीवरच बसवलं. मला या तडजोडीबद्दल माया वाटते. आपली पोरं आपल्यासारखी निघत नाहीत आणि तरी आपलीच असतात, हे त्या करड्या माणसांनाही शेवटी कबूल करावं लागलं.

१८९७ साली उरलेली अर्धी वाटही चालून झाली. आता ना अनुभव सांगायचा, ना करार मान्य करायचा. जन्माचा दाखला पुरे. ही संस्था त्या दशकात का निघाली हे उघड आहे. इटली, पोलंड, रशिया इथून गरीब माणसांची जहाजं येऊन लागत होती, आणि जुन्या घराण्यांना ‘आमचं जहाज आधीचं’ असं सांगायची गरज वाटू लागली होती. क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या वंशज स्त्रियांची संस्था १८९०ची. १९३९ साली या दुसऱ्या संस्थेने आपल्या वॉशिंग्टनमधल्या सभागृहात मारियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला गाऊ दिलं नाही, तेव्हा एलिनोर रूझवेल्टबाईंनी सभासदत्व सोडलं आणि अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पाऊण लाख माणसांपुढे गायल्या. कुळाचा अभिमान कुठवर जातो, त्याचं हे जाहीर उदाहरण.

मेफ्लॉवरवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. त्या जहाजावर जॉन बिलिंग्टन नावाचा एक भांडखोर इसम होता. १६३० साली त्याने शेजाऱ्याचा खून केला आणि प्लिमथमध्ये त्याला फाशी झाली. त्याचे वंशजही सभासद होऊ शकतात; राष्ट्राध्यक्ष गारफील्ड हे त्याच्याच वंशातले सांगतात. खुन्याच्या आणि गव्हर्नरच्या वंशजाला प्रमाणपत्र एकच. आपल्याकडे घराण्याच्या इतिहासात असा पूर्वज सापडला, तर तो ‘तीर्थयात्रेस गेला तो परतला नाही’ असा निकालात निघाला असता.

तर पूर्वज सज्जन होता का, हा प्रश्न संस्था विचारतच नाही. जहाजावर होता का, एवढंच विचारते. हे मला पटलं होतं, आणि मी बहुधा इथेच थांबले असते. पण विहीणबाई मला प्लिमथ दाखवायला घेऊन गेल्या.

समुद्रालगत एक टेकाड आहे, कोल्स हिल. पहिल्या हिवाळ्यात मेलेल्यांना तिथेच पुरलं होतं. पुढे त्यांतली जी हाडं सापडली ती दगडी पेटीत ठेवून संस्थेने १९२० साली तिथे स्मारक उभारलं आहे. त्याच टेकाडावर, थोड्या पावलांवर, वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट याचा उंच पुतळा, १९२१चा. तोंड बंदराकडे. गंमत अशी की तो पुतळा त्याच्या लोकांनी उभारलेला नाही. ‘इम्प्रूव्ह्ड ऑर्डर ऑफ रेड मेन’ नावाच्या गोऱ्यांच्या मंडळाने उभारला. खाली किनाऱ्यावर दगडी मंडपात १६२० हा आकडा कोरलेला खडक. विहीणबाई दगडी पेटीपाशी डोकं लववून उभ्या राहिल्या. मला आपल्याकडच्या पितृपंधरवड्याची आठवण झाली, आणि त्यांच्याबद्दल जवळीक वाटली. माझ्या मनात जे चाललं होतं ते त्यांना त्या क्षणी सांगावंसं वाटलं नाही.

प्लिमथ ज्या जागेवर वसलं तिथे आधी पटक्सेट नावाचं वाम्पानोआग गाव होतं. १६१६ ते १६१९ या काळात युरोपी जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते ओस पडलं. आलेल्यांना शेतं तयार मिळाली, झाडं तोडावी लागली नाहीत. त्या गावचा एक माणूस उरला होता, टिस्क्वांटम. त्याला १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो लंडनमार्गे परत आला, तर गावच नाही. याच माणसाने नवख्यांना मका लावताना बुडख्यात मासळी घालायला शिकवलं. १६२१च्या मार्चमध्ये मॅसासॉइटने त्यांच्याशी तह केला. १६२३ साली मॅसासॉइट मरणाला टेकला, तेव्हा वसाहतीतला एडवर्ड विन्सलो धावून गेला. सुरीच्या टोकावर मुरांबा घेऊन त्याने तो दातांच्या फटीतून त्याच्या तोंडात घातला, सुजलेली, पांढरी पडलेली जीभ स्वतः खरवडून साफ केली, मक्याच्या भरडीत स्ट्रॉबेरीची पानं आणि ससाफ्रासचं मूळ घालून पेज करून पाजली. राजा बरा झाला. दोन माणसांतल्या मैत्रीचा याहून चांगला पुरावा मला कोणी आणून दाखवावा.

मग मुलांची पिढी आली. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणत. विन्सलोचा मुलगा जोसाया, प्लिमथचा गव्हर्नर. पन्नास वर्षांत जमिनी सरकत सरकत इंग्रजांकडे गेल्या होत्या. १६७५ साली युद्ध पेटलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याचं मुंडकं प्लिमथला आणलं, तेव्हा चर्चमध्ये देवाचे उपकार मानायचा दिवस पाळला जात होता. ते खांबावर रोवलं आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिलं.

मेटाकॉमची बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा आधीच हाती लागले होते. मुलाचं काय करायचं, यावर धर्मगुरूंचा सल्ला मागितला गेला, आणि सबंध प्रकरणातलं हे पान माझ्या डोक्यातून जात नाही. प्लिमथचे जॉन कॉटन आणि मार्शफील्डचे सॅम्युएल आर्नल्ड यांनी सप्टेंबरात लेखी मत दिलं: सामान्य नियम मुलाला वाचवतो हे खरं, पण बाप इतका मोठा द्रोही असेल तर मुलाला त्याच्या पापात धरता येतं, मारता येतं. बायबलातले दाखले दिले. ब्रिजवॉटरचे जेम्स कीथ यांनी ऑक्टोबरात उलट पत्र लिहिलं. जुन्या करारात बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मुलाला देऊ नये असा स्पष्ट नियम आहे, त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि दया करा म्हटलं. मुलाचा जीव वाचला. १६७७च्या मार्चमध्ये कॉटन एका पत्रात सहज लिहून जातात की फिलिपचा मुलगा आता विकायला चालला आहे. गुलाम म्हणून, समुद्रापार. त्या मुलाचं नाव काय होतं, हे कोणत्याही कागदात नाही.

बापाचं पाप मुलाकडे येतं असं ज्या गावात विद्वानांनी सही करून दिलं, त्याच गावात आज बापजाद्यांच्या मानाची प्रमाणपत्रं मिळतात. संस्थेचं मुख्यालय ज्या वास्तूत आहे ते घर १७५४ साली बांधलं एडवर्ड विन्सलोच्या पणतवाने.

परतताना गाडीत मी हे विहीणबाईंना सांगितलं. त्यांना तो इतिहास माझ्याहून चांगला माहीत होता. त्या एवढंच म्हणाल्या, “हाउलँड १६७३ साली वारले. मुलाला विकलं त्याच्या चार वर्षं आधी.” बचाव बिनतोड होता. त्याच्या पुढचंही त्या बोलल्या: “आणि समजा जिवंत असते, तरी आपल्या नातीने त्याबद्दल मान खाली घालायची का?”

नाही घालायची. कीथ बरोबर होते आणि कॉटन चूक. पाप वारसाने येत नाही. पण मग पुण्यही येत नाही, कारण दोन्हींचा रस्ता एकच. एकाला जकात लावायची आणि दुसऱ्याला मोकळं सोडायचं, हे कुठल्याच न्यायात बसत नाही. आपल्या वाल्या कोळ्याच्या घरचं आठवा. रांजण भरभरून खडे टाकणाऱ्या वाल्याला नारदाने घरी पाठवलं. बायकोमुलं म्हणाली, तुमच्या पापात आमचा वाटा नाही. लहानपणापासून ही गोष्ट आपण वाल्याच्या डोळ्यांत अंजन पडलं म्हणून ऐकतो. मला वकील झाल्यावर त्या बायकोमुलांचं कौतुकही वाटू लागलं आणि रागही येऊ लागला. कायद्याने त्यांचं उत्तर शंभर टक्के बरोबर. पण लुटीचं धान्य त्यांच्या पोटात होतं, लुटीची भांडी चुलीवर होती. पापात वाटा नाही म्हणणाऱ्यांनी ती भांडी परत केली का, हे कोणत्याही कीर्तनात मी ऐकलं नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या जागी बारीक विचार केला होता. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं पवित्र कर्तव्य, ही हिंदू कायद्यातली जुनी धारणा. पण बापाने दारूत, जुगारात, बाईवर उडवलेलं कर्ज मुलाने फेडायचं नाही; बापाला झालेला दंडही मुलाने भरायचा नाही, हे याज्ञवल्क्यापासून सांगितलेलं आहे. म्हणजे बापाच्या गुन्ह्याची शिक्षा बापाबरोबर संपली. व्यवहारातलं देणं मात्र उरलं. ब्रिटिश काळापासून कोर्टांनी हे तत्त्व दाव्यांत चालवलं. २००५च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने ते रद्द केलं, आणि ज्या कलमाने रद्द केलं त्याच सहाव्या कलमाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. एका हाताने मुलीला घरात घेतलं, दुसऱ्या हाताने मुलाला देण्यातून सोडवलं. पहिल्या गोष्टीसाठी मी पेढे वाटले होते. दुसरी मला आजही नीट गिळता येत नाही. वडिलोपार्जित मिळकतीवर ताव मारायचा आणि वडिलोपार्जित देण्याचा विषय निघाला की कानावर हात ठेवायचे, याला आता कायद्याचाही आधार मिळाला.

म्हणून माझं मत असं: वंशाने पाप-पुण्य येत नाही, मिळकत येते. आणि मिळकत येते ती सातबाऱ्यासारखी येते. वर कब्जेदाराचं नाव असतं, आणि शेजारी ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. सोसायटीचा बोजा, विहिरीतला कोणाचा हिस्सा, कुळाचा शेरा. वारसनोंदीला अर्ज करणाराने ‘नाव माझं लावा, पण तो रकाना कोरा करून द्या’ असं म्हटलं, तर मंडल अधिकारी त्याला हसून बाहेर काढील. गारफील्डने बिलिंग्टनच्या फाशीची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पण पटक्सेटच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या गावाची मालकी, त्या मालकीतून झालेली शिक्षणं, घरं, ओळखी, हे सगळं तेरा पिढ्या खाली आलं असेल, तर त्या रकान्यात कोणाची तरी नावं आहेतच.

ती नावं सांगणारी माणसं आजही तिथे आहेत. १९७० साली प्लिमथच्या ३५०व्या वर्धापनदिनाला वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना भाषणाला बोलावलं. भाषण आधी वाचून पाहिलं, तेव्हा ते यजमानांना रुचलं नाही. ते बदलायला तयार नव्हते. त्यांनी ते कोल्स हिलवर त्या पुतळ्यापाशी केलं. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तिथे शोकदिन पाळतात. मॅशपी गावच्या वाम्पानोआगांनी १९७६ साली गमावलेल्या जमिनींसाठी बोस्टनच्या संघीय कोर्टात दावा लावला. आधी तुम्ही जमात आहात हे सिद्ध करा, असं ठरलं. ज्यूरीने सांगितलं की काही विशिष्ट तारखांना ते जमात होते आणि काही तारखांना नव्हते. दावा फेटाळला गेला. २००७ साली वॉशिंग्टनने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली, तोवर जमिनींवर बंगले आणि गोल्फची मैदानं होती. एकाच राज्यात दोन जणांनी वंशावळ कोर्टाला साजेल इतक्या चोखपणे मांडली. एकाला भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मिळालं, दुसऱ्याला खर्चाचं बिल. जातपडताळणीसाठी आज्याचा शाळेचा दाखला शोधत तालुक्याच्या गावी खेटे घालणाऱ्या आपल्या लोकांना यातली दुसरी बाजू समजावून सांगायला नको.

आता थोडं गणित. तेरावी पिढी म्हणजे मागे बारा पायऱ्या. दर पायरीला दुप्पट, म्हणजे बाराव्या पायरीवर माणसाचे ४,०९६ पूर्वज. आमच्या नातीच्या त्या ४,०९६ घरांतलं एक घर हाउलँडचं. निम्मी, २,०४८, माझ्या मुलीकडून आलेली. म्हणजे १६२० सालचं वाई, सातारा, कुठे कोकणातलं एखादं खेडं. त्यांच्यातल्या कोणाच्या नावाची संस्था नाही. श्राद्धात आपण बाप, आजा, पणजा आणि त्यांच्या बायका अशी तीनच पिढ्यांची नावं घेतो, त्यापलीकडचे सगळे एकत्र. हे विस्मरण म्हणून मी पूर्वी हसत असे. आता त्यात शहाणपण दिसतं. तिघांपर्यंत माणूस ओळखीचा असतो, त्याचं देणंही आठवणीत असतं. त्यापलीकडे एकालाच निवडून बाकीच्या ४,०९५ जणांना गाळायचं, तर ती निवड पूर्वजाने केलेली नसते, आपण केलेली असते. आणि जे आपण निवडलं त्याची जबाबदारी आपली.

अर्ज करा, असंच मी विहीणबाईंना सांगितलं, आणि जन्मदाखल्याचं भाषांतरही सही करून दिलं. एकच अट घातली: नातीला दगडी पेटीपाशी नेलंत की पुतळ्यापाशीही न्या, आणि त्या नऊ वर्षांच्या, नाव नसलेल्या मुलाचं सांगा. त्या कबूल झाल्या. त्यांच्या शब्दाला किंमत आहे.

दुसऱ्याच्या देशात जाऊन त्यांच्या दप्तरातल्या खाडाखोडी दाखवणं सोपं असतं, म्हणून आता माझ्या माहेरच्या दप्तराकडे येते. आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघते आहे आणि मंडळाने माहिती मागवली आहे. जुन्या आवृत्तीत इनाम कोणत्या साली मिळालं ते आहे, आणि शेवटी ‘जमिनी कुळकायद्यात गेल्या’ असं एक सुस्कारा टाकलेलं वाक्य आहे. कोणाकडे गेल्या ते नाही. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला ज्यांची नावं मालक म्हणून लागली, त्या घरांनी त्याआधी कित्येक वर्षं ती जमीन कसली होती, आमच्या घरातली शिक्षणं त्यांच्या खंडावर झाली. मी त्या फेरफारांच्या नकला काढून मंडळाला पाठवल्या आहेत आणि दोन गोष्टी मागितल्या आहेत: कसणाऱ्या घरांची नावं छापा, आणि मुलींची मुलंही छापा. उत्तर आलेलं नाही.

तुमच्या घराण्याचं मंडळ फॉर्म पाठवील तेव्हा त्यात हे रकाने नसतील. तुम्ही हाताने आखा. जुन्या फेरफारांच्या नकला तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात साध्या अर्जावर मिळतात. बऱ्याच तालुक्यांच्या आता ऑनलाइनही आहेत.